सपाट पावलांची शिकवणी

मुलांनो, बूट-मोजे काढा आणि उभे राहा. आता अशी कल्पना करा, की तुमच्या उजव्या पायाखाली, तळव्याच्या अगदी मधोमध, चिमणीचं एक पिल्लू बसलंय. टाच जमिनीवर टेकलेली, बोटंही टेकलेली, पण पिल्लू चिरडायचं नाही. बोटं आकडायची नाहीत हं, ती मोकळी पसरलेली. तळवा मात्र आतून उचलायचा, छत्री उघडावी तसा.

नाही ना जमत? आपण कुणाशी बोलतोय हे पायाला कळतच नाही. मलाही जमत नव्हतं. मी तेव्हा सातवीत होते, शाळेच्या पटांगणात बाभळीखाली उभी होते, आणि मगदूम सर माझ्या पायाशी उकिडवे बसून मला हेच सांगत होते.

"मेलं," सर म्हणाले.

"काय मेलं?"

"पिल्लू. वैजू, तुझ्या पायाखाली आज चिमण्यांचा वंश बुडायची वेळ आली."

मगदूम सर आमचे खेळाचे शिक्षक. तरुणपणी ते लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे. मी धावायची ती उसाच्या वजनकाट्यापर्यंत आणि परत. दम मला पुष्कळ होता, पण परत येईपर्यंत पावलं आतल्या बाजूनं ठणकायला लागायची. म्हणून एक दिवस सरांनी मला पाय ओले करून व्हरांड्यातून चालायला लावलं. मागे वळून पाहिलं तर फरशीवर अख्खे तळवे उमटले होते. मध्ये कुठं खाच नाही की वळण नाही.

"भाकरी थापल्यासारखं उमटलंय," सर म्हणाले.

माझं तोंड उतरलं. "सर, मग मी अपशकुनी का?"

"कोण म्हणतं?"

"अक्काचंही पाऊल असंच आहे. तिला बघायला आले होते ते म्हणाले, सपाट पायाची बाई घर सपाट करते."

सरांनी पुन्हा एकदा त्या ओल्या पावलांकडं बघितलं. मग म्हणाले, "सपाट असणं हा दोष नाही पोरी. कमजोर असणं हा दोष. गाडी चालते ती चाकांवर, चाकांच्या आकारावर कोण शुभ-अशुभ बघतं? चल, चिंचोके काढ."

चिंचोके ही सरांच्या शिकवणीतली दुसरी शिक्षा. जमिनीवर पसरलेले चिंचोके पायाच्या बोटांनी एकेक उचलायचे आणि डब्यात टाकायचे. त्यानंतर ओला पंचा बोटांनी ओढून गोळा करायचा. त्यानंतर पायरीच्या काठावर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश वर आणि सावकाश खाली. आमच्या वर्गातली मुलं कुंपणापाशी उभी राहून हसायची. धावण्याची शर्यत जिंकायची आणि त्यासाठी चिंचोके वेचायचे, हे मलाही पटत नव्हतं. सरांची पाठ वळली की मी डबा हातानंच भरून टाकायची.

घरी अक्का हसायचीच. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण अनसूया. आमच्या आबांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच घर. अक्का गिरणीवर दळण घ्यायला बसायची. मी दारात पाय ताणत बसले की म्हणायची, "तुला शाळेत घातलंय का तालमीत? उद्या पायानं लिहायला लागशील."

पण त्या वर्षी गिरणीचं इंजिन बंद पडलं. साखर कारखान्यातला एक फिटर आबांच्या ओळखीचा निघाला, तो दुरुस्तीला आला. त्याचं नाव सर्जेराव. उंच, तेलानं काळे झालेले हात, आणि बोलणं अगदी मोजकं. अक्कानं त्याला पाणी दिलं. तांब्या परत देताना त्यानं तो आपल्या सदऱ्यानं पुसला, कारण हाताचं तेल लागलं होतं. एवढंच झालं. पण त्यानंतर इंजिन चांगलं चालत असतानाही सर्जेराव दोनदा ते बघायला आला, आणि त्या दोन्ही दिवशी अक्कानं दळण मोजताना चूक केली.

आबांनी माणूस पाठवून लग्नाचं विचारलं. तिकडून उत्तर आलं. सर्जेरावला आईवडील नव्हते, त्याच्या आत्यानं त्याला वाढवला होता. तिचा निरोप असा: 'मुलाला मुलगी पसंत आहे म्हणतो. पण पावलं बघितल्याशिवाय आमच्यात ठरत नाही. महिन्याभरानं येऊ.'

आई चुलीपुढं बसून राहिली. आबा उगाच इंजिनाशी जाऊन उभे राहिले. अक्का रात्री जेवणं झाल्यावर माझ्या अंथरुणापाशी येऊन बसली.

"वैजे."

"काय?"

"तुझे सर ते पायाचं काय शिकवतात?"

"तालमीतलं? ते कशाला हवंय तुला?"

"सांग की गं."

"पायानं लिहायला लागशील."

अक्कानं माझी वेणी ओढली. पण हलकेच ओढली, आणि तिचे डोळे भरलेले मला दिसले. मी उठून बसले आणि म्हटलं, "उभी राहा. आता समज, तुझ्या पायाखाली एक चिमणीचं पिल्लू आहे."

मुलांनो, शिकवणं ही फार गमतीची गोष्ट आहे. जे मला सरांच्या पुढं एकदाही धड करायचं नव्हतं, ते मी आता अक्काकडून करवून घेत होते, आणि तिला दाखवायचं म्हणून मला ते आधी स्वतःला जमवावं लागत होतं. आणि अक्का! जी बस चुकली तरी पाऊल उचलून धावायची नाही, ती माझ्याहून दसपट चांगली शिष्या निघाली. दळण घेताना गल्ल्याखाली तिचे पाय चिंचोके वेचत असायचे. भाकरी भाजताना टाचा वर-खाली चालायच्या. पंचा तर तिनं इतका ओढला की त्याच्या दशा निघाल्या.

टाचा उचलायला मी तिला आधी उंबरठ्यावर उभी केली होती. आई ओरडली, "लक्ष्मीच्या वाटेत उभ्या राहता, आणि पाऊल मागता लक्ष्मीचं?" मग आम्ही गिरणीच्या पायरीवर गेलो. तिथं एक सोय होती. गिरणी बंद झाल्यावर फरशीवर पिठाचा पातळ थर बसलेला असायचा. त्यावर चाललं की पाऊल लख्ख उमटायचं. रोज संध्याकाळी अक्का पिठावरून चालायची आणि मी वाकून तपासायची.

"भाकरी," मी म्हणायची.

पुढच्या आठवड्यात, "भाकरी, पण कडा कुरतडलेली."

एकदा आबा आमच्या आधी गिरणीत गेले, आणि इकडून तिकडे गेलेली ती पावलं बघून बाहेर येऊन म्हणाले, "अगं, गिरणीत रात्री कोण नाचून गेलं?" आई म्हणाली, "उंदीर असतील." आबांनी पुन्हा एकदा आत जाऊन बघितलं. पण आई इतक्या शांतपणे बोलली होती, की ते उंदरांचा पिंजरा शोधायला लागले.

इकडे सरांना माझ्यात फरक दिसला. वजनकाट्यावरून परत आले तरी माझे पाय ठणकत नव्हते. "घरी करतेस वाटतं?" त्यांनी विचारलं.

"करवून घेते," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

सर हसले नाहीत. "बहिणीला सांग, एका महिन्यात पावलाची कमान बांधून होत नाही. त्याला वर्ष वर्ष लागतं, आणि कित्येकांची तरीही होत नाही. आता तिच्या पायात जोर आलाय, त्या जोरावर ती तळवा उचलून धरू शकेल. पण थोडा वेळ. जास्त ताणलं तर पाय ऐकणार नाही."

मी अक्काला एवढंच सांगितलं, "सर म्हणाले, तू तळवा उचलून धरू शकशील." दारापासून बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो?

पाहुणे आले ते कारखान्याच्या जीपमधून. सर्जेराव पुढं उतरला. मागून आत्याबाई. नऊवारी, मोठं कुंकू, हातात पितळी पानाचा डबा. उतरल्यावर त्या जीपचं दार धरून जराशा थांबल्या आणि आमच्या घराकडं बघू लागल्या. मला वाटलं, किती हा रुबाब! मग हळूहळू पावलं टाकत आत येऊन खुर्चीत बसल्या. आईनं सतरंजीवर बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "न्हाई, हितंच बरं हाय."

चहा झाला. कारखान्याचं बोलणं झालं, पाऊसपाण्याचं झालं. आत्याबाई पान लावत म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी माझं निस्तं ओलं पाऊल बगितलं आन् म्हनाले, ही लक्ष्मी. पुढचं काय बोलायचंच न्हाई. आजून तसंच उमटतंय. मदे ही एवढी कमान. तवा मी बी तेच बगते. रूप आज हाय, उद्या न्हाई. पाऊल घरात ऱ्हातं."

"आत्या, राहू दे की," सर्जेराव पुटपुटला.

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

आईनं परातीत पाणी ठेवलं. अक्का हिरवं लुगडं नेसून आली, परातीत दोन्ही पाय बुडवले आणि शहाबादी फरशीवर पहिलं पाऊल टाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. माझाही तळवा आपोआप उचलला गेला होता.

काय पाऊल उमटलं! टाच वेगळी, चवडा वेगळा, मध्ये बाहेरच्या कडेनं पाण्याची एक बारीक पट्टी. पाच बोटं, पाच मोत्यांसारखी. दुसरं तसंच. तिसरं तसंच. आत्याबाई खुर्चीतून वाकल्या. पानाचा डबा बाजूला ठेवला.

"अगाई," त्या म्हणाल्या. "पाऊल तर लक्षुमीचं हाय."

आईनं डोळे मिटले. आबांनी टोपी सारखी केली. सर्जेराव पावलांकडं बघतच नव्हता, तो अक्काच्या तोंडाकडं बघत होता, आणि त्यामुळं जे झालं ते सगळ्यांत आधी त्यालाच दिसलं. अक्काचा चेहरा पांढरा पडला. ती खोलीच्या मधोमध एका पायावर थांबली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

अक्काच्या तळव्यात गोळा आला होता. पाय धनुष्यासारखा आत वळला होता, अंगठा खाली ओढला गेला होता. ती कशीबशी एक पाऊल पुढं सरकली, लंगडत.

आत्याबाईंचा आवाज थंड झाला. "पोरगी लंगडी हाय व्हय?"

"नाही हो आत्याबाई!" आई म्हणाली.

"मग ह्ये काय? समोर दिसतंय की. पाऊल दाखवलं आन् पाय लपवला!"

मला राहवलं नाही. मी धावत आत गेले, फरशीवर बसले, अक्काचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा धरून वर, मागे ओढला. गोळा सुटायला लागला. आणि ओढता ओढताच मी ओरडले, "अक्का लंगडी नाही! ती सपाट आहे!"

मुलांनो, वकिली करायची असेल तर माझ्यासारखी करू नका.

"सपाट?" आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे होती. अजून आहे. पण आता जोर आलाय. तिनं महिनाभर चिंचोके उचललेत पायानं! आमचे सर म्हणतात, सपाट असणं हा दोष नाही…"

"वैजे!" आबा म्हणाले.

"म्हंजे आमाला फसवायला बसला होता समदी." आत्याबाईंनी पानाचा डबा उचलला. "चल रे सर्जा."

सर्जेराव उठला नाही. त्यानं फरशीकडं पहिल्यांदा बघितलं, वाळत चाललेल्या त्या पावलांकडं. "आत्या, एवढं जड मशीन बसवतो आम्ही. त्याची बैठक सपाटच करून घेतो. उंच-सखल असली तर ते हादरतं, एक दिवस टिकत नाही."

"मशीनशी लगीन लावायचंय व्हय तुला?"

"नाही. हिच्याशी."

अक्काचा पाय माझ्या हातात होता. त्यातला उरलासुरला गोळा एकदम सुटला. पण आत्याबाईंनी जणू ऐकलंच नव्हतं. "लगीन कुणाशी लावायचं ते घरात जाऊन बोलू. ऊठ." आणि सर्जेराव उठला. काय करणार? त्या बाईनं त्याला तान्हेपणापासून वाढवलं होतं. तिच्या शब्दाबाहेर जाऊन तो लग्न करणार नव्हता, हे अक्कालाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तो तसा होता म्हणूनच तिला तो आवडला होता.

आत्याबाई खुर्चीचे हात धरून उठल्या. पहिलं पाऊल टाकलं, आणि "आई आई गं!" म्हणून परत धपकन बसल्या.

"काय झालं?" आता हा प्रश्न सगळ्यांनी एकदम विचारला.

"काय न्हाई. टाच. बसून उटलं की अशीच करती. खिळा ठोकल्यावानी. सकाळी तर हातरुणावरनं उटून मोरीपतोर जायला भिंत धरावी लागती. डागदर झाले, तेल झालं, इटकरीचा शेक झाला." त्या दातओठ खात म्हणाल्या, "दोन वर्सं झाली."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. लुगड्याच्या काठाखाली दिसत होतं ते खरंच देखणं पाऊल होतं. उंच कमान, चित्रात काढावी तशी. हेच पाऊल बघून सासऱ्यांनी लक्ष्मी म्हटलं होतं, आणि ही लक्ष्मी आता मोरीपर्यंत भिंत धरून जात होती. मला सरांचे शब्द आठवले. आमच्या शाळेतल्या एका मोठ्या मुलाची टाच अशीच धरायची. सर त्याला म्हणायचे, तळव्याखाली एक जाड दोरी असते, ती आखडली की टाचेला ओढ बसते. उठण्याआधी ती मोकळी करायची.

मी अक्काचा पाय खाली ठेवला, उठले आणि आत्याबाईंच्या पायांशी जाऊन वाकले.

त्यांना वाटलं, पोरगी चुकीची माफी मागायला पाया पडतेय. कितीही राग असला तरी वाकलेल्या लेकराला आशीर्वाद दिल्याशिवाय त्या पिढीला राहवायचं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे. औक्षवंत हो, शानी हो…"

तेवढ्यात मी त्यांचं पाऊल उचलून माझ्या मांडीवर घेतलं, पाची बोटं मुठीत धरली आणि नडगीच्या दिशेनं मागे ओढली.

"आगं आगं आगं! सोड! काय करतीस भवाने?"

"आत्याबाई, जरा दम धरा. इथं हात लावून बघा. दोरीसारखं ताणलंय ना?"

"कसली दोरी आन् काय!" पण त्यांनी हात लावला. "व्हय की गं."

मी ओढून धरलं, सोडलं, पुन्हा ओढलं. सरांनी मला शिकवलं होतं तसंच, सावकाश, झटका न देता. अंगठ्यानं तळवा टाचेकडून चवड्याकडं दाबत नेला. आत्याबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून कमी झाल्या.

"आता उठून बघा," मी म्हटलं.

"उटू?"

"पाय सपाट टेका. घाबरत टाकू नका."

त्या उठल्या. सर्जेरावनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी झटकला. एक पाऊल टाकलं. थांबल्या. दुसरं टाकलं. आणि मग सरळ दाराकडं चालत गेल्या, जिथं त्यांच्या चपला होत्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. आबा म्हणाले, "आत्याबाई, निदान…" अक्का खाली बघत होती. फरशीवरची तिची पावलं तोवर पुरती वाळून गेली होती.

आत्याबाईंनी चपलांकडं बघितलं. त्यांच्यापलीकडं अंगणात बघितलं. मग वळल्या, परत तितक्याच ठामपणे चालत आल्या, खुर्चीत बसल्या आणि दुसरा पाय माझ्यापुढं केला.

"हा बी दुकतोय," त्या म्हणाल्या. "जरा कमी. पन दुकतोय."

मी खाली बसले. त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. पाची बोटं मुठीत धरली. आत्याबाईंनी डोळे मिटले आणि वाट बघू लागल्या.

मी ओढलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आधी आमच्या अक्काचं सांगा."